दोन दिवसांच्या मुंबईत घारापुरी

मुंबईला दोन दिवसांसाठी येणारे पाहुणे यादी घेऊनच येतात. गेटवे, राणीचा हार, सिद्धिविनायक, हाजी अली, जमलंच तर रात्रीच्या दिव्यांत सीएसएमटीची इमारत. आणि यादीच्या शेपटाला, प्रश्नचिन्ह लावून, एलिफंटा, म्हणजे घारापुरीचं बेट. आम्ही डोंबिवलीकर म्हणजे त्यांचे हक्काचे वाटाडे, त्यामुळे त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर आमच्याकडून हवं असतं. गेटवेपाशी उभं राहिलं की बोटी समोरच डुलत असतात, तिकिटं विकणारे हाका मारत असतात, आणि ‘आलोच आहोत तर’ हे तीन शब्द कुणाच्या ना कुणाच्या तोंडून येतातच.

‘आलोच आहोत तर’ म्हणून करायची ही गोष्ट नाही, असं माझं मत आहे. लोक बेटाकडे ताटातल्या कोशिंबिरीसारखं बघतात, जागा उरली तर वाढून घ्यायची. पण घारापुरीला गेलेला दिवस घारापुरीचाच होतो, मग यादीतलं दुसरं काहीतरी पुसावं लागतं. काय पुसायचं हे आधी ठरवलं नाही तर ते दिवसच ठरवतो. हाजी अलीला पोचेपर्यंत भरती आलेली असते किंवा संग्रहालयाच्या दारावरून परत फिरावं लागतं.

हिशेब मांडून बघा. गेटवेपासून बेट दहा-अकरा किलोमीटर. बोट तासभर घेते, म्हणजे जाऊन-येऊन दोन तास झाले. त्याआधी तिकिटाची रांग, मग बोट भरण्याची वाट. बेटावर उतरलं की लांबलचक धक्का, हवी तर त्यावरून चालणारी छोटी आगगाडी, आणि मग शंभर-सव्वाशे पायऱ्या. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना ताडपत्रीखाली दुकानं. माळा, टोप्या, दगडी हत्ती, शिडाची जहाजं. नुसतं बघत गेलं तरी अर्धा तास जातो. लेण्यात तास-दीड तास. सकाळी नऊच्या सुमाराची बोट धरली तरी गेटवेला परत पाय लागेपर्यंत दोन-अडीच वाजतात, आणि पोटात आग पडलेली असते. डोंबिवलीहून निघणाऱ्याने यात लोकलचे दोन्हीकडचे दीड-दीड तास धरावेत.

एवढ्या वेळात शहरात काय काय झालं असतं? छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय निवांत बघून झालं असतं. काळा घोडा, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, ओव्हलच्या एका बाजूला गॉथिक इमारती आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको. त्या दोन रांगांना मिळून २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सगळं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि मध्ये चहा-वडापाव. ठिकाणं मोजायची ठरवली तर एका पारड्यात पाच-सहा आणि दुसऱ्यात एक. या हिशेबाने बेट दर वेळी हरतं. कागदावर आखणी करणारे हुशार जावई आणि भाचे त्यामुळेच एलिफंटावर काट मारतात आणि काट मारल्याबद्दल स्वतःवर खूशही असतात.

मला तो हिशेब पटत नाही. त्यात शीण धरलेला नसतो. नव्या शहरात फिरताना पायांहून डोकं जास्त दमतं. टॅक्सी की बस, आता जेवायचं की संग्रहालयानंतर, रस्ता इथून ओलांडायचा की पुढून, आईला स्वच्छतागृह कुठे मिळेल, मुलाला आइस्क्रीम आत्ता द्यायचं की संध्याकाळी. दर दहा मिनिटांनी काहीतरी ठरवायचं, आणि प्रत्येक ठरवण्यातून एक छोटीशी कुरबुर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवरा-बायको एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलत असतात. बोटीत पाय ठेवला की हे सगळं थांबतं. एक तास कुणालाच काही ठरवता येत नाही. उतरता येत नाही, वेग वाढवता येत नाही, दुसरीकडे वळता येत नाही. बोटवाल्याला वरच्या डेकवर बसण्यासाठी थोडे जादा पैसे दिले की माणसं आपोआप गप्प होतात आणि वारा खात बसतात. सहलीतला हा तास कुठल्याच यादीत लिहिलेला नसतो. पुढे आठवणी निघतात तेव्हा मात्र सगळ्यांच्या तोंडी आधी बोट येते, लेणं नंतर.

शिवाय त्या तासात मुंबई मागच्या बाजूने दिसते. हे नीट सांगायला हवं, कारण माझ्या मते बेटावर जाण्याचं निम्मं कारण इथेच आहे. पर्यटकाला भेटणारा समुद्र बहुधा पश्चिमेचा असतो. मरीन ड्राइव्ह, वरळी, जुहू. तिथे लोक सूर्यास्त बघायला आणि भेळ खायला जातात. ज्या समुद्रामुळे हे शहर मुळात उभं राहिलं तो पूर्वेचा. कुलाब्याच्या पुढे नौदलाची गोदी, मग बंदराच्या गोद्या, माझगाव, थेट शिवडी-वडाळ्यापर्यंत हा सगळा किनारा उंच भिंतींच्या आणि फाटकांच्या आड आहे. जन्मभर मुंबईत राहिलेल्या माणसालाही त्या भिंतींपलीकडचं पाणी क्वचितच दिसतं. घारापुरीची बोट हा ते पाणी बघण्याचा सगळ्यात सोपा आणि स्वस्त मार्ग आहे. गेटवे आणि ताज हळूहळू लहान होत जातात, डाव्या हाताला करड्या रंगाच्या युद्धनौका दिसतात. पुढे जवाहर द्वीपाला लागलेले तेलाचे टँकर, आणि पार पलीकडे न्हावा-शेवा बंदराच्या क्रेनची रांग. पाण्यावर नांगरून राहिलेली मालवाहू जहाजं किती मोठी असतात हे त्यांच्या शेजारून गेल्याशिवाय कळत नाही. गेटवेवर फोटो काढणाऱ्याला मुंबई पाहिल्यासारखी वाटते, पण या शहराचं पोट कशावर चालत आलं ते बोटीतल्या माणसाला दिसतं. थंडीच्या दिवसांत बोटीमागे सीगल पक्ष्यांची झुंबड असते. लोक त्यांना वेफर्स आणि गाठ्या भरवतात. भरवू नयेत. पण पन्नास माणसांच्या आनंदापुढे हे बोलायला जीभ रेटत नाही.

लेण्याकडे येऊ. लेणं नीट बघायचं नसेल तर नुसत्या बोटीसाठी मी कुणालाही सव्वाशे पायऱ्या चढायला लावणार नाही. मुख्य लेणं सहाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचं मानलं जातं. ते नक्की कुणी कोरवलं याबद्दल अभ्यासकांत वाद आहे, कलचुरी राजांचं नाव बरेच जण घेतात. जागतिक वारशाच्या यादीत ते १९८७ सालीच गेलं, सीएसएमटीच्या सतरा वर्षं आधी. हे आकडे गाईडही सांगतो. त्याच्या सांगण्यात बहुधा न येणारी गोष्ट म्हणजे डोळ्यांना वेळ द्यावा लागतो. सदाशिवाची ती प्रचंड त्रिमुखी मूर्ती, सुमारे वीस फूट उंचीची, उत्तरेच्या दारातून आत आल्यावर अगदी समोर, पण पार आत, दक्षिणेच्या भिंतीत आहे. बाहेरच्या उन्हातून आत शिरलेल्या माणसाला आधी नुसता काळोख दिसतो. मग खांब, मग मधलं शांत मुख. बाजूची दोन तोंडं त्याहून उशिरा. आपल्या डाव्या हाताचं मिशा असलेलं उग्र, उजव्या हाताचं हातात कमळ घेतलेलं कोमल. उजेड तीन बाजूंनी येतो, थेट मूर्तीवर कुठूनच पडत नाही, म्हणून ती सावकाश उलगडते. पाच-सात मिनिटं खांबाला टेकून उभं राहावं लागतं. परतीची बोट डोक्यात घेऊन आलेली माणसं दोन मिनिटांत फोटो काढून वळतात आणि खाली येऊन म्हणतात, ‘एकच तर गुहा आहे.’ त्यांचं म्हणणं खोटं नाही, त्यांना तेवढंच दिसलेलं असतं.

आणखी एक. सगळे उत्तरेकडून आत येतात, म्हणून सगळ्यांना सदाशिव हाच लेण्याचा शेवट वाटतो. पण लेण्याला दुसरीही एक वाट आहे, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी. त्या वाटेच्या टोकाला चार दारांचं गर्भगृह आहे, प्रत्येक दाराशी दोन-दोन महाकाय द्वारपाल, आणि आत फक्त लिंग. मी पाहुण्यांना त्या बाजूने एकदा चालवते. एका वाटेने गेलं की शिवाचं रूप भेटतं, दुसरीने गेलं की अरूप. कोरणाऱ्यांनी दोन्ही वाटा एकाच छताखाली एकमेकींना छेदून ठेवल्या आहेत. त्या गर्भगृहाजवळच शिव-पार्वतीच्या विवाहाचा पट आहे. त्यात पार्वती शिवाच्या उजव्या हाताला आहे, म्हणजे लग्न अजून लागायचंय. बायकांना हे सांगितलं की त्या लगेच तिच्या चेहऱ्यावरची लाज शोधू लागतात, आणि ती सापडतेही. बऱ्याच पटांचे हात-पाय तुटलेले आहेत. पोर्तुगीज सैनिकांनी नेमबाजीसाठी त्यांचा वापर केला असं सांगतात. समोर उभं राहिलं की ते खरं वाटतं.

बेटावर माणसं राहतात, हेही पाहुण्यांना सांगावं लागतं, कारण दुकानांच्या रांगेपलीकडे कुणी बघत नाही. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. जिल्हा रायगड, तालुका उरण, म्हणजे मुंबईची शान म्हणून दाखवलं जाणारं हे बेट मुंबईत नाहीच. तिथे कायमची वीज आली २०१८ साली, समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून. तोपर्यंत संध्याकाळचे काही तास जनरेटर. समोर ट्रॉम्बे-माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने रात्रभर झगमगत असताना. पाण्याची बाटली नाहीतर भाजलेलं कणीस घ्यायचं तर याच गावकऱ्यांकडून घ्या असं मी म्हणते, आणि वानरं ते हातातून घेऊन जातील हेही सांगून ठेवते.

आता नकाराची बाजू. तीही मी तितक्याच जोरात मांडते, कारण बेटाचा आग्रह धरणारे यजमान बहुतेक वेळा स्वतःची हौस पाहुण्याच्या वेळेवर भागवत असतात. सोमवारी लेणी बंद असतात. बोटी मात्र दिसतात आणि माणसं फसतात. भर पावसाळ्यात समुद्र ठरवेल तसं. गुडघे दुखत असतील तर पायऱ्यांसाठी डोलीची खुर्ची मिळते, पण बोटीत चढता-उतरताना एका बोटीतून दुसऱ्या बोटीत पाय टाकावा लागतो, तिथे डोली नसते. त्याच संध्याकाळची गाडी असेल तर जाऊच नये, कारण मग लेण्यात उभं राहून माणूस घड्याळाचंच दर्शन घेतो. भीतीचंही कारण आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी चाचणीवरच्या नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून घारापुरीला निघालेली बोट बुडाली आणि पंधरा माणसं गेली. तेव्हापासून मी बोटीत बसल्याबरोबर लाइफ जॅकेट अंगात घालते आणि पट्टे बांधते. उकडतं, फोटो चांगले येत नाहीत, शेजारचे हसतात. हसू देत. ज्याच्या मनात त्या दिवसापासून धाकधूक आहे त्याला ‘काही होत नाही हो’ म्हणून ओढून नेण्यात मला पाहुणचार दिसत नाही.

न जाणाऱ्यासाठी मुंबईत पुष्कळ आहे, आणि त्यात घारापुरीचाही एक तुकडा आहे. बेटाला एलिफंटा हे नाव ज्या दगडी हत्तीमुळे पडलं तो पोर्तुगिजांना धक्क्याजवळ सापडला होता. तो हत्ती आज बेटावर नाही. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना तो कोसळून त्याचे तुकडे झाले, आणि म्हणूनच तो इथे राहिला. ते तुकडे जोडून १९१४ साली तो पुन्हा उभा केला गेला. आता तो भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, राणीच्या बागेला लागून आहे. भायखळा स्टेशनवर उतरून पायी जाता येतं. हत्ती बघायला बेटावर गेलेल्यांना वानरं भेटतात आणि न गेलेल्यांना हत्ती, हा न्याय मला फार आवडतो. परळला बारादेवीच्या देवळात घारापुरीच्या लेण्याच्याच सुमाराचा एक भव्य शिवपट आहे. एका शिवातून वर दुसरा, त्यातून तिसरा आणि बाजूंना आणखी फुटत जाणारा. जोगेश्वरीचं लेणंही साधारण त्याच काळातलं, फक्त त्याच्या डोक्यावर आणि भोवती आता वस्ती दाटली आहे. ही सगळी ठिकाणं लोकलच्या स्टेशनांपासून फार लांब नाहीत आणि एकासाठीही समुद्र ओलांडावा लागत नाही. अर्थात मुंबई स्वतःच सात बेटांची, मधल्या खाड्या बुजवून एक केलेली. परळ आणि माझगाव तर त्या सातांतलीच दोन.

तरीही दोन अख्खे दिवस हातात असतील, पाय चालते असतील आणि सोमवार आड येत नसेल, तर माझं मत बेटाच्या बाजूने पडतं. यादीतली चार नावं पुसून. ती पुसायला माणसं तयार नसतात, खरा अडसर तो आहे. घरी जाऊन ‘काय काय पाहिलं?’ या प्रश्नाला लांब उत्तर देता यायला हवं असतं.

परवा नागपूरहून मोठ्या नणंदेचा फोन आला. शनिवारी सकाळी येणार, शनिवार ठाण्याच्या साखरपुड्यात जाणार, सोमवारी संध्याकाळच्या विदर्भने परत. ‘वहिनी, एलिफंटा होऊन जाईल ना?’

मी म्हटलं, ‘ताई, सोमवारी लेणी बंद. झालं तर रविवारीच होईल. आणि रविवारी एलिफंटा केलं तर सिद्धिविनायक होणार नाही, हाजी अली होणार नाही. भाऊजींचा गुडघा कसा आहे?’

‘गुडघा आहे तसाच आहे. ते खाली धक्क्यावर बसतील म्हणाले.’

‘खाली बसायला कशाला न्यायचं? डोली करू. बोटीत चढताना मात्र जरा धरावं लागेल.’

पलीकडे ताईंनी भाऊजींना विचारलेलं ऐकू आलं, मग भाऊजींचं काहीतरी लांबलचक उत्तर, त्यात ‘डोली’ हा शब्द दोनदा, जरा रागाने. मग ताई म्हणाल्या, ‘ते म्हणतात, डोली नको, चालतो. आणि सिद्धिविनायकाचं काय आहे वहिनी, टेकडीचा गणपती आहेच आमच्याकडे, मी दर मंगळवारी जाते. पाण्यात बोट कुठे चालते नागपुरात? अंबाझरीत पायाने मारायची, ती काय बोट आहे?’

मग ठरलं. रविवारी पहाटे उठून सातच्या आत डोंबिवली सोडायचं, नऊच्या सुमारास गेटवे, पहिल्या बोटींपैकी एखादी धरायची. डब्यात धपाटे, पण दही नको, दही सांडतं, लोणचं चालेल. वरच्या डेकचे पैसे मी देणार, यावर दोन मिनिटं वाद झाला आणि तो मिटलेला नाही. लोकलचा मेगाब्लॉक सुरू होईपर्यंत आपण पाण्यावर असू, म्हणून जायची काळजी नाही. येताना तो संपलेला असला तरी गाड्या रखडलेल्याच असतात, सीएसएमटीला फलाटावर माणसावर माणूस, आणि भाऊजींच्या गुडघ्याला बसायला जागा मिळेलच असं नाही. ते मी ताईंना अजून सांगितलेलं नाही. शनिवारी साखरपुड्यात त्यांच्या पानात जिलबी पडली की सांगेन.